कुठूनही चालणारा ऑनलाइन धंदा नेमका कुठे अडतो? या चुका टाळा

ज्याला आपण कुठूनही चालणारा धंदा म्हणतो, तो चार-पाच खुंट्यांना घट्ट बांधलेला असतो: एक मोबाइल नंबर, एक बँक खातं, एक पेमेंट गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी सेवा), एक डोमेन (वेबसाइटचं नाव) आणि एका माणसाचे जागेपणीचे तास. मुक्काम हलला की हिसका बसतो तो या खुंट्यांना. वेबसाइट आणि जाहिरातींवर महिनोन्महिने मेहनत घेतली जाते, खुंट्या मात्र कुणी हलवून पाहत नाही.

म्हणून निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी एक दिवस तालीम करा. मुख्य सिमकार्ड फोनमधून काढा, नेहमीचा लॅपटॉप बंद ठेवा आणि दुसऱ्या यंत्रावर सहा कामं करून बघा: मेल उघडणं, बँकेत लॉगिन करणं, गेटवेतून एखादा छोटा परतावा देणं, होस्टिंगमध्ये (वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या सेवेत) शिरणं, डोमेन रजिस्ट्रारचं (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचं) खातं उघडणं आणि एका ग्राहकाला बिल पाठवणं. जिथे अडाल तिथे तुमचा धंदा अजून एका जागेला बांधलेला आहे. तीन आठवडे यासाठी की बँकेत नंबर बदलणं किंवा गेटवेकडे नवी कागदपत्रं देणं ही कामं एका दिवसात होत नाहीत.

सगळी कुलपं एकाच मोबाइल नंबरवर

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

लक्षण ओळखीचं असतं. ओटीपी येत नाही, चार वेळा पुन्हा मागवला की खातं काही तासांसाठी बंद होतं, आणि ते उघडायला परत त्याच नंबरवर कोड जातो. कारणं अनेक असू शकतात. रोमिंग चालूच केलेलं नसतं. रोमिंग असूनही बँकेचे छोट्या क्रमांकावरून येणारे मेसेज परक्या नेटवर्कवर पोचत नाहीत. किंवा प्रीपेड सिम बरेच दिवस न वापरल्यामुळे कंपनीने बंद केलेलं असतं. यातलं शेवटचं सर्वांत धोक्याचं, कारण बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो आणि तुमचे कोड त्याच्या फोनवर जाऊ लागतात.

उपाय असा. जिथे जिथे सोय आहे तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा हार्डवेअर सिक्युरिटी की (लॉगिनसाठी वापरायचं छोटं उपकरण) लावा. सिक्युरिटी की नेहमी दोन घ्या. एक जवळ, दुसरी विश्वासू माणसाकडे किंवा वेगळ्या बॅगेत. प्रत्येक सेवा जे रिकव्हरी कोड देते ते छापून ठेवा. ते त्याच फोनच्या फोटो गॅलरीत ठेवले तर फोनबरोबर तेही जातात. बँकेसारख्या ज्या सेवा एसएमएसच मागतात, त्यांच्यासाठी मूळ नंबर जिवंत ठेवा: त्याचा डेटा रोमिंग बंद, मेसेज चालू, आणि इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम. त्या सिमचं रिचार्ज किती दिवसांनी करावं लागतं हे कॅलेंडरमध्ये नोंदवा. इंटरनेटवरून मिळणारे आभासी नंबर पर्याय म्हणून सुचवले जातात, पण अनेक बँका ते ओळखतात आणि नाकारतात. पूर्ण भिस्त त्यांच्यावर नको.

ऑथेंटिकेटर ॲप असूनही कोड चुकीचा दाखवत असेल तर आधी फोनचं घड्याळ बघा. हे कोड दर ३० सेकंदांनी बदलतात आणि ते अचूक वेळेवरून काढले जातात. नव्या देशात पोचल्यावर काहीजण टाइमझोन न बदलता हाताने फक्त तास पुढे-मागे करतात. घड्याळ बरोबर दिसतं, पण फोनच्या आतली जागतिक वेळ चुकते आणि प्रत्येक कोड नाकारला जातो. तारीख आणि वेळ स्वयंचलित करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

व्हीपीएनबद्दलही (तुमचं इंटरनेट दुसरीकडच्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेबद्दलही) सावध राहा. सकाळी एका देशातून, दुपारी दुसऱ्याच देशातून लॉगिन दिसलं की बँकेची आणि गेटवेची सुरक्षा यंत्रणा खातं संशयित ठरवते. सार्वजनिक वायफायवर व्हीपीएन वापरायचा असेल तर सर्व्हर एकच ठेवा आणि शक्य असल्यास फक्त तुमच्यासाठी राखलेला आयपी पत्ता घ्या.

पैसे एकाच दारातून येतात

गेटवेने पैसे रोखले की पहिला विचार मनात येतो तो तांत्रिक बिघाडाचा. बिघाड क्वचित असतो. विक्री अचानक नेहमीच्या दसपट झाली, वस्तू किंवा कोर्स दोन महिन्यांनी मिळणार पण रक्कम आजच घेतली, खातं उघडताना सांगितलेला व्यवसाय आणि वेबसाइटवर दिसणारा व्यवसाय वेगळा निघाला, अशा ठिकाणी गेटवेला परताव्यांची लाट येण्याची भीती वाटते. मग तो काही रक्कम राखून ठेवतो. काही गेटवे ती १८० दिवसांपर्यंत धरून ठेवू शकतात. मोठी विक्री उघडण्याच्या एक-दोन आठवडे आधीच सपोर्टला लेखी कळवा: किती विक्री अपेक्षित, ग्राहकाला माल कधी मिळेल, परताव्याचे नियम काय. दुसरा गेटवे संकटात उघडू नका. तो आधीच मंजूर करून, त्यावरून दरमहा थोडे तरी व्यवहार करून तयार ठेवा, कारण कोऱ्या खात्यावर एकदम मोठी रक्कम आली की तिथेही तोच प्रश्न उभा राहतो.

चार्जबॅकचं बघा. ग्राहक कार्ड कंपनीकडे तक्रार करतो आणि रक्कम तुमच्या खात्यातून परत जाते. बऱ्याच प्रकारच्या तक्रारींना त्याच्याकडे साधारण १२० दिवस असतात. तुम्हाला उत्तर द्यायला मात्र थोडेच दिवस मिळतात, आणि सूचनेचा मेल तुम्ही प्रवासात असताना आला तर मुदत तशीच निघून जाते. असे मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातील आणि दुसऱ्या एका माणसालाही दिसतील, अशी व्यवस्था आजच करा. पुष्कळ तक्रारी फसवणुकीच्या नसतातच: स्टेटमेंटवर छापलेलं नाव ग्राहकाला ओळखू येत नाही. दुकानाचं नाव एक आणि स्टेटमेंटवर कंपनीचं कागदोपत्री नाव दुसरं, असं असेल तर गेटवेच्या सेटिंगमध्ये ते बदला. जागा साधारण २२ अक्षरांची असते. त्यात ग्राहकाने पाहिलेलं नावच यायला हवं.

परदेशी ग्राहकाने पूर्ण बिल भरलं आणि खात्यात कमी रक्कम आली, तर वाटेतल्या मध्यस्थ बँकांनी शुल्क कापलेलं असतं. स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) पैसे पाठवताना शुल्क कुणी सोसायचं याचे तीन पर्याय असतात: ओयूआर म्हणजे सगळं पाठवणाऱ्याने, एसएचए म्हणजे दोघांनी वाटून, बीईएन म्हणजे सगळं घेणाऱ्याने. कोणता पर्याय हे बिलावरच लिहा. ग्राहकाच्या चलनात स्थानिक खातं देणारी सेवा वापरता येत असेल तर हा प्रश्न मुळातूनच सुटतो.

डोमेन आणि मेल

डोमेन रजिस्ट्रारकडे संपर्कासाठी त्याच डोमेनवरचा मेल देणं ही साधी दिसणारी पण घातक चूक आहे. कार्डाची मुदत संपते, स्वयंचलित नूतनीकरण फसतं, डोमेन बंद पडतं. आणि त्याच्याबरोबर मेलही बंद पडल्यामुळे पुढच्या सूचना तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. .कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनना रजिस्ट्रारने ते काढून टाकल्यानंतर ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत मिळते, तीही जास्त शुल्क भरून. त्यानंतर ५ दिवसांनी नाव सर्वांसाठी खुलं होतं. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे असतात. संपर्काचा मेल दुसऱ्या सेवेवरचा द्या, काही वर्षांचं शुल्क आगाऊ भरा आणि खात्यावर दोन कार्डं ठेवा.

मेल स्पॅममध्ये जात असतील तर मजकूर बदलत बसण्याआधी डीएनएस (डोमेनच्या नोंदी) तपासा. एकाच डोमेनला एसपीएफच्या (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं हे सांगणाऱ्या) दोन वेगळ्या नोंदी असल्या की तपासणी थेट फसते. मेलची सेवा, न्यूजलेटरची सेवा आणि बिलांचं सॉफ्टवेअर अशा तिघांनी सांगितलेली ओळ वेगवेगळी चिकटवली की हे घडतं. तिन्ही एकाच नोंदीत आणा, आणि त्या नोंदीतून होणारे डीएनएस शोध दहाच्या आत ठेवा. त्यावर गेलात तरी ती अवैध ठरते. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र चालू करावं लागतं. डीमार्कची (तपासणीत फसलेल्या मेलचं काय करायचं हे सांगणाऱ्या नियमाची) सुरुवात फक्त अहवाल घेण्यापासून करा. महिनाभर अहवाल पाहून, आपली एकही सेवा सुटलेली नाही याची खात्री झाल्यावरच तो कडक करा. फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय बंधनकारक आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. यादी लहान असली तरी हेच नियम पाळा. मेल पोचण्यातला फरक दिसतो.

वेळेचा घोळ

मार्चमध्ये ठरलेल्या बैठका अचानक तासाने चुकायला लागतात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी; मधले दोन-तीन आठवडे दोघांमधलं अंतर बदललेलं असतं. शरद ऋतूत असाच एक आठवडा येतो. म्हणून दर आठवड्याची बैठक यूटीसीपासूनच्या (जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या) ठरावीक अंतरावर बांधू नका. कॅलेंडरमध्ये ग्राहकाच्या शहराचा टाइमझोन निवडा, बदल ते स्वतः सांभाळतं. मेलमध्ये आयएसटी, सीएसटी अशी लघुरूपं टाळा, एकच लघुरूप दोन-तीन देशांत चालतं. शहराचं नाव लिहा.

सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या कामांची वेळापत्रकं यूटीसीवर ठेवा. स्थानिक वेळेवर ठेवलेलं पहाटे दोनचं काम घड्याळ पुढे जाताना होतच नाही आणि मागे येताना दोनदा होऊ शकतं. ते काम वर्गणी कापण्याचं असेल तर ग्राहकाच्या कार्डावर दोनदा रक्कम पडेल, हे लक्षात घ्या.

आणि ग्राहकांना "चोवीस तास सेवा" असं आश्वासन देऊ नका. "एका कामकाजाच्या दिवसात उत्तर" हे वचन मुक्काम बदलतानाही पाळता येतं, ते पाळा.

इंटरनेट, वीज, बॅकअप

राहण्याची जागा ठरवताना डाउनलोडचा आकडा विचारला जातो, तर कॉल तुटतो तो अपलोडमुळे. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४ मेगाबिट अपलोड सतत मिळायला हवा. यजमानाकडून वेगचाचणीचा ताजा स्क्रीनशॉट मागा, आणि पोचल्यावर पाच मिनिटं पिंग (सर्व्हरकडे छोटे चाचणी-संदेश पाठवणारी आज्ञा) चालू ठेवून मधले किती पॅकेट, म्हणजे संदेश, हरवतात ते बघा. वेग भरपूर असूनही आवाज अडखळत असेल तर कारण तिथे सापडतं. हॉटस्पॉटचं सिम वायफायवाल्या कंपनीचं नको, नाहीतर दोन्ही एकदम बंद पडू शकतात. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते.

क्लाउडवर सिंक होणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून खोडलेली फाइल तिथूनही खोडली जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. आणि दर तिमाहीला एक प्रत खरोखर परत चढवून बघणं. चढवून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका. लॅपटॉपची डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट करा, म्हणजे चोरीला यंत्र गेलं तरी ग्राहकांची माहिती जात नाही.

"मी कुठेच राहत नाही, म्हणून कर कुठेच नाही"

हा समज महागात पडतो. अनेक देश वर्षात १८३ दिवस राहिलेल्याला करासाठी रहिवासी धरतात, पण त्याहून कमी दिवस राहिलात म्हणजे सुटलात असं नाही: घर, कुटुंब, आर्थिक संबंध यांवरूनही रहिवास ठरतो, आणि अमेरिका आपल्या नागरिकांवर ते कुठेही राहोत, कर लावते. पर्यटक व्हिसावर काम करता येतं का, हा कराहून वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या देशाच्या नियमांतच शोधायला हवं. शेंगेन देशांत (आपसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांत) बिनव्हिसा किंवा अल्पकालीन मुक्काम कोणत्याही १८० दिवसांच्या खिडकीत ९० दिवसांचाच. ही खिडकी रोज पुढे सरकते, एक दिवस बाहेर जाऊन आल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. प्रवेश आणि निर्गमनाच्या तारखा, तिकिटं, भाड्याच्या पावत्या जपून ठेवा.

विक्रीकर ग्राहकाच्या जागेवरून लागू शकतो. युरोपीय संघात २०१५ पासून डिजिटल सेवांवरचा व्हॅट ग्राहकाच्या देशाच्या दराने लागतो. संघाबाहेरच्या विक्रेत्याला त्यात किमान विक्रीची सूट नाही, मात्र वन स्टॉप शॉप योजनेत एकाच देशात नोंदणी करून सगळ्या देशांचा कर भरता येतो. कर भरण्याची जबाबदारी स्वतः विक्रेता म्हणून उचलणारा प्लॅटफॉर्मही मिळतो. त्याचं कमिशन जास्त असतं, पण एकट्याने धंदा चालवणाऱ्याला ते बहुधा परवडतं.

दुसऱ्यांच्या नावावर असलेला तुमचा धंदा

फ्रीलान्सरने स्वतःच्या मेलवरून जाहिरातींचं खातं किंवा ॲनालिटिक्स उघडून दिलं, काम संपलं, आणि वर्षभराची आकडेवारी त्याच्याकडे राहिली. प्रत्येक खातं धंद्याच्या मेलवर उघडा आणि इतरांना भूमिका ठरवून प्रवेश द्या. पासवर्ड मेसेजमध्ये पाठवू नका. करारात मजकूर, डिझाइन आणि कोडचे हक्क पैसे चुकते झाल्यावर तुमच्याकडे हस्तांतरित होतात असं स्पष्ट लिहा, कारण अनेक देशांत नुसते पैसे दिल्याने कॉपीराइट आपोआप येत नाही. काम संपलं त्याच दिवशी प्रवेश काढा. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक सेवेतली वापरकर्त्यांची यादी उघडून वाचा. जुन्या सहकाऱ्यांची नावं हमखास तिथेच असतात.