फायनल फँटसी १४ नव्याने सुरू करताय? आधी नजर बटणांवरून उचला

हा ऑनलाइन, इतर लोकांसोबत खेळायचा गेम डाउनलोड करणारे खूप जण कॅरेक्टरचे केस आणि डोळे निवडण्यात अख्खी संध्याकाळ घालवतात आणि मग चार दिवसांत गेम सोडून देतात, कारण स्क्रीनवर एकाच वेळी इतकं काही चालू असतं की बघायचं कुठे तेच कळत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाहीये. मुळात या गेमची २०१० ची पहिली आवृत्ती इतकी फसली की कंपनीने ती बंद केली, आणि २०१३ मध्ये नव्याने बांधलेला गेम आला, आणि मग त्याच्यावर २०१५, २०१७, २०१९, २०२१ आणि २०२४ असे पाच मोठे एक्सपान्शन, म्हणजे नवीन भाग, चढत गेले. जुन्या लोकांना हे सगळं थोडं थोडं करत मिळालं, नव्या माणसापुढे मात्र सगळा ढीग एकदम येतो.

मला मनापासून वाटतं की नव्याला सगळ्यात आधी एकच गोष्ट यायला हवी, ती म्हणजे स्वतःच्या बटणांकडे न बघता समोरच्या जमिनीकडे आणि बॉसकडे (मोठ्या शत्रूकडे) बघणं. कुठली स्किल (हल्ला वगैरे करायचं बटण) कधी मारायची, कुठला गिअर (शस्त्रं आणि कपडे) भारी, हे सगळं नंतर आपोआप येतं. आता पुढे जे लिहितोय ते सगळं तेवढ्याच एका गोष्टीसाठी आहे, नजर मोकळी व्हावी म्हणून.

सुरुवात फ्री ट्रायलवरच करा, लगेच विकत घेऊ नका. ट्रायलमध्ये मूळ गेम आणि पहिले दोन एक्सपान्शन मिळतात, लेव्हल ७० पर्यंत जाता येतं आणि वेळेची मर्यादा नाही, त्यामुळे घाई कशाचीच नाही. अडचणी आहेत थोड्या, म्हणजे ३ लाखांच्या वर गिल (गेममधले पैसे) साठवता येत नाही, मार्केट बोर्ड (खेळाडूंचा आपसातला बाजार) वापरता येत नाही, स्वतः पार्टी (सोबत खेळणाऱ्यांचा गट) बनवता येत नाही (कुणी बोलावलं तर जाता येतं), कुणाला खाजगी मेसेज पाठवता येत नाही. शिकणाऱ्याला यातलं काहीच फारसं नडत नाही. पण एक नीट लक्षात ठेवा, एकदा त्या अकाउंटवर पूर्ण गेम घेतला की परत ट्रायलवर येता येत नाही आणि सोबत मिळालेले दिवस संपले की दर महिन्याचं सबस्क्रिप्शन सुरू होतं. आणि स्टोअरमध्ये स्टोरी किंवा लेव्हल एकदम उडी मारून पुढे नेणारे आयटम दिसतील, ते पहिल्या कॅरेक्टरसाठी अजिबात घेऊ नका, कारण मग पंधरा-वीस बटणं एकदम हातात येतात आणि शिकायचं तेच राहून जातं.

क्लास, म्हणजे कॅरेक्टरची लढायची पद्धत, कुठला घ्यायचा यावर लोक तासनतास भांडतात. या गेममध्ये एकच कॅरेक्टर सगळे क्लास खेळू शकतं, हातातलं शस्त्र बदललं की क्लास बदलतो, फक्त पहिल्या क्लासची लेव्हल १० ची क्वेस्ट (गेमने दिलेली कामगिरी) आधी संपवावी लागते आणि मग दुसऱ्या क्लासच्या गिल्डमध्ये जाऊन तो उघडायचा. म्हणजे सुरुवातीची निवड चुकली तरी काही बिघडत नाही. माझं मत विचाराल तर आर्चर घ्या. तो लांबून मारतो आणि पळता पळता मारतो, जादूवाल्यांना स्पेल पूर्ण होईपर्यंत एका जागी उभं राहावं लागतं आणि लान्सरसारखा जवळून लढणारा बॉसच्या पायाशी असतो त्यामुळे त्याला अर्धी जमीन दिसतच नाही, आर्चरला मात्र लांबून पूर्ण मैदान दिसतं, आणि आपल्याला नेमकं तेच शिकायचंय. लीडरसारखं पुढे राहायची आवड असेल तर ग्लॅडिएटर घ्या, म्हणजे टँक, शत्रूंचा मार स्वतःवर घेणारा. हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा, व्हायचं असेल तर कॉन्जरर. पण एक क्लास धरला की निदान लेव्हल ३० पर्यंत तोच ठेवा, तिथे त्याचा जॉब, म्हणजे त्या क्लासचं पुढचं रूप, उघडतो.

आता सेटिंग, आणि हे काम कंटाळवाणं वाटलं तरी पहिल्याच दिवशी करा. एचयूडी लेआउट नावाचा पर्याय आहे, त्यात स्क्रीनवरची प्रत्येक चौकट उचलून हलवता येते, मोठी-छोटी करता येते. पार्टी लिस्ट आणि शत्रूंची लिस्ट स्क्रीनच्या मधल्या भागाजवळ आणा, चॅट आणि क्वेस्टची यादी कडेला सरकवा, आणि टार्गेटचा कास्ट बार (समोरचा शत्रू करत असलेल्या हल्ल्याची पट्टी) मोठा करून वरच्या बाजूला मध्यभागी ठेवा, कारण बॉस पुढे काय करणार ते तिथेच नाव घेऊन येतं. मग हॉटबार, म्हणजे स्किलच्या बटणांची पट्टी. माऊसने क्लिक करून स्किल मारायची सवय लागली तर नजर कायमची खाली अडकते, म्हणून पहिल्या पाच-सहा स्किल १ ते ५ आणि जवळच्या अक्षरांवर लावा आणि बोटांनीच शोधा. कंट्रोलर असेल तर तोही उत्तम चालतो, क्रॉस हॉटबार खरंच छान बनवलाय.

बऱ्याच स्किल एका सामाईक घड्याळावर चालतात, एक मारली की साधारण अडीच सेकंदांनी दुसरी. इतर गेममधून येणाऱ्यांना हे हळू वाटतं, पण हा मोकळा वेळ बघण्यासाठीच आहे असं समजा. कॉम्बोमधली (ठरलेल्या क्रमातली) पुढची स्किल असेल तर तिच्या कडेने चमकती रेघ फिरते, ती बघून सुरुवात करा. शहराबाहेर सरावाचे पुतळे उभे असतात, त्यांच्यावर रोज थोडा वेळ बटणांकडे न बघता मारत राहा, बोटांना जागा कळेपर्यंत. हे झालं की निम्मी भीती गेली.

क्वेस्टचं सांगायचं तर नकाशावर चिन्हांचा पाऊस पडलेला दिसेल, सगळं करायला जाऊ नका. उल्केसारखं चिन्ह असतं ती मुख्य स्टोरी, ती करत राहायची. निळं चिन्ह आणि त्यावर अधिक असेल तर त्यातून काहीतरी नवीन उघडतं, नवा डंजन (पार्टीने मिळून पार करायची शत्रूंनी भरलेली जागा) वगैरे, ते करायचं. स्वतःच्या क्लासची क्वेस्ट दर पाच लेव्हलला येते, ती सोडायची नाही कारण तिथून स्किल मिळतात. बाकीची साधी पिवळी उद्गारचिन्हं सरळ सोडा, लेव्हलसाठी त्यांची गरज पडत नाही. गिअरचंही तेच, कॅरेक्टरच्या खिडकीत रेकमेंडेड गिअरचं बटण आहे ते दाबा आणि पुढे व्हा, फक्त आर्चरच्या अंगावर डेक्स्टेरिटी, ग्लॅडिएटरच्या अंगावर स्ट्रेंग्थ आणि कॉन्जररच्या अंगावर माइंड आहे ना एवढं बघा.

लेव्हल १५ ला पहिला डंजन येतो, सास्ताशा, आणि इथे बहुतेकांचे हात थरथरतात कारण आता अनोळखी माणसांसोबत खेळायचं असतं. चार जणांची पार्टी, एक टँक, एक हीलर, दोन डॅमेजवाले. टँक शत्रूंना स्वतःकडे ओढतो, हीलर सगळ्यांना जिवंत ठेवतो आणि मोकळा असेल तेव्हा तोही मारतो, डॅमेजवाले मारतात. डॅमेजवाल्यांना रांगेत जास्त थांबावं लागतं कारण तेच जास्त असतात, तोपर्यंत क्वेस्ट करत राहा, रांग चालूच राहते.

लोकांसोबत जाण्याआधी दोन पायऱ्या घ्याच. एक, अ‍ॅडव्हेंचरर्स गिल्डमध्ये हॉल ऑफ द नॉव्हिस आहे, त्यात तुमच्या रोलप्रमाणे छोटे छोटे धडे आहेत, आणि सगळे संपवले की गिअरचा सेट आणि लेव्हल ३० पर्यंत जास्त एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) देणारी अंगठी मिळते. दोन, ड्युटी सपोर्ट. यात तोच डंजन एनपीसींबरोबर (गेमच चालवतो त्या पात्रांबरोबर) करता येतो, कुणाची घाई नाही, तुम्ही थांबलात तर तेही थांबतात. एकदा असं जाऊन या, रस्ता कळतो. सास्ताशात रक्ताळलेली चिठ्ठी सापडते, त्यात रंग लिहिलेला असतो, पुढे लाल-निळं-हिरवं असं तीन रंगांचं प्रवाळ दिसतं, चिठ्ठीतल्याच रंगाचं दाबायचं नाहीतर शत्रू अंगावर येतात. आणि शेवटच्या बॉसच्या खोलीत जमिनीवरच्या जाळ्यांतून पाणी बुडबुडायला लागतं, धावत जाऊन तिथे क्लिक केलं नाही तर त्यातून आणखी शत्रू बाहेर येतात. बटणांकडे बघत बसलेल्या माणसाला हे बुडबुडे दिसतच नाहीत, म्हणून तर इतकं सांगतोय.

जमिनीवर नारिंगी पट्टा किंवा गोल उमटला की त्यातून बाहेर पडायचं, हे सगळ्यांना कळतं. पण नव्यांना कुणी सांगत नाही ते हे, की मार बसणार का नाही ते नारिंगी खूण नाहीशी होते त्या क्षणी ठरतं, स्फोट दिसतो तो नंतर. त्यामुळे "मी तर बाहेर होतो तरी लागलं" असं वाटतं ते खरं तर उशिरा बाहेर पडल्यामुळे असतं, आणि उलट खूण गेली की स्फोट दिसत असतानाही बिनधास्त आत जाऊन मारता येतं. हे एकदा डोक्यात बसलं की लढाईचा वेगच बदलतो.

दुसरी खूण शत्रूंच्या लिस्टमध्ये असते, नावाशेजारी. लाल चौकोन म्हणजे तो शत्रू तुमच्यावर चिडलाय. तुम्ही टँक असाल तर सगळे लाल हवेत, आणि त्यासाठी ग्लॅडिएटरला लेव्हल १० ला मिळणारी आयर्न विल ही स्किल चालू पाहिजे, आत शिरल्या शिरल्या आधी ते तपासा. तुम्ही टँक नसाल आणि लाल दिसलं तर पळू नका, पळालात की शत्रू तुमच्या मागे आणि टँक त्याच्या मागे अशी वरात निघते. सरळ टँकच्या जवळ जाऊन उभे राहा, तो ओढून घेईल.

आत गेल्यावर पार्टी चॅटमध्ये लिहा की पहिल्यांदाच आलोय. लाजायचं काहीच कारण नाही, नावापुढे कोंबाचं चिन्ह असतं त्यावरून तुम्ही नवीन आहात हे दिसतंच, आणि पार्टीत पहिल्यांदा येणारा कुणी असेल तर गेम सगळ्यांनाच बोनस देतो. समोरच्याची भाषा वेगळी असेल तर चॅटमध्ये तयार वाक्यांचा ऑटो-ट्रान्सलेट आहे, शब्द टाईप करून टॅब दाबला की यादी येते, वाचणाऱ्याला ते त्याच्या भाषेत दिसतं. अगदी ७०-८० लेव्हल पुढचे लोकही सोबत आले तरी डंजनच्या लेव्हलला खाली आणले जातात, त्यामुळे सगळेच थोड्याच स्किल घेऊन खेळत असतात. मेलात तरी एक्सपी जात नाही, गिअर थोडा झिजतो, तो दुरुस्त होतो. सगळी पार्टी मेली तर परत सुरुवात करायची, बस.

आयटम पडला की नीड, ग्रीड, पास असं विचारतं. अंगावर घालायचा असेल तर नीड, नाहीतर ग्रीड, आणि काही नकोच असेल तर पास, यात कुणी रागवत नाही.

संपल्यावर बाहेर पडण्याआधी ज्याने सांभाळून घेतलं त्याला कमेंडेशन (शाबासकी) द्या. आणि पुढचा डंजन लगेच उघडत असला तरी सास्ताशाच आणखी एकदा करा, यावेळी मुद्दाम हॉटबारकडे एकदाही न बघता, सगळ्या बॉसचे कास्ट बार वाचत.