मुलं अ‍ॅनिमे बघतात? ख्रिस्ती आईबाबांनो, या चुका टाळा

आमच्या संडे स्कूलमध्ये गेल्या वर्षभरात पालक एकच गोष्ट सारखी विचारतायत, ते जपानी कार्टून, म्हणजे अ‍ॅनिमे, पोरांना बघू द्यायचं का नाही. मी तिथं वर्ग घेते आणि घरी माझी दोन आहेत, थोरला नववीत, धाकटी तिसरीत, त्यामुळं प्रश्न माझाही आहे आणि खालच्यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात. म्हणून सविस्तर लिहितेय.

"कार्टूनच आहे की" म्हणून सोडून देणं

आपल्या डोक्यात कार्टून म्हणजे लहान पोरांचं. जपानमध्ये तसं नाही. तिथं मंगाची, म्हणजे चित्रकथांची, मासिकं, साप्ताहिकं वाचक ठरवून निघतात, शोनेन म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी, आणि बरेचसे अ‍ॅनिमे या मंगावरूनच बनतात. शिनचॅनचंच बघा, मुळात तो १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झालेला, आपल्याकडं मात्र लहान मुलांच्या चॅनलवर लागायचा, मग २००८ मध्ये सरकारनं बंद केला आणि नंतर काटछाट होऊन परत आला. म्हणून मालिकेचं नाव कानावर पडलं की आधी सर्च करा, शोनेन आहे का सेइनेन. 'एची' (Ecchi) असा टॅग दिसला तर थांबाच, त्याचा अर्थ अंगप्रदर्शन मुद्दाम घातलंय. आणि शोनेन म्हणजे आठ वर्षाच्या पोरीला चालेल असंही समजू नका, अटॅक ऑन टायटन शोनेन मासिकातलंच आहे आणि त्यात टायटन नावाचे राक्षस माणसांना खातात.

शिंगं आणि नाव बघून निकाल देणं

ही चूक आपल्या लोकांत सगळ्यात जास्त. डेमन स्लेयर हे नाव ऐकलं की मोबाईल हिसकावून घ्यायचा. मीही तेच केलं होतं. मग एका रात्री एकटीनं बसून सहा भाग बघितले. तानजिरो नावाचा पोरगा, घरच्यांना राक्षसानं मारलंय, एक बहीण वाचली पण तीही राक्षस झालीय, आणि हा तिला पाठीवरच्या पेटीत घेऊन फिरतो कारण तिला परत माणूस करायचंय. मरणाऱ्या राक्षसाचीसुद्धा त्याला दया येते. यातला राक्षस, म्हणजे 'ओनी', जपानी लोककथेतला आहे, पवित्र शास्त्रातला सैतान नव्हे, इंग्रजीत 'डेमन' झालं म्हणून आपल्याला तो तसा वाटतो. तसंच 'कामी' या शब्दाचं, सबटायटलमध्ये 'गॉड' येतं पण जपानी माणूस झाडाच्या, नदीच्या शक्तीलाही कामी म्हणतो. हा फरक मुलांना सांगितला की त्यांना पटकन कळतो, त्यांच्या डोक्यात गोंधळ उडत नाही. तरी धाकटीला मी ते बघू देत नाही, कारण मुंडकी उडतात आणि रक्त फार आहे. म्हणजे नाही म्हणायचं कारण होतं, पण नावात नव्हतं.

उलटंही होतं बरं का. क्रॉस दिसला म्हणून खूश होऊ नका. इव्हान्जेलियन ही १९९५ ची मालिका, नावाचा मूळ अर्थच सुवार्ता, पडद्यावर क्रॉस काय, देवदूत काय, पण बनवणाऱ्यांपैकीच एकानं नंतर सांगितलंय की ही चिन्हं वेगळी आणि भारी दिसतात म्हणून घेतली, त्यात धार्मिक अर्थ नाही. आणि आतली गोष्ट इतक्या नैराश्याची आहे की नववीतल्या मुलालाही एकट्याला बघायला मी देणार नाही.

राक्षस नाही म्हणजे सेफ असं धरणं

इथं मला जास्त बोलायचंय. आपलं कोल्हापूर फुटबॉलवेडं, पेठांच्या मॅचेस म्हणजे घरातला सण, त्यामुळं ब्लू लॉक हे फुटबॉलवरचं अ‍ॅनिमे इथल्या पोरांना आवडणारच. २०२२ ला आलं. राक्षस नाही, जादूटोणा नाही, काही नाही, मी थोरल्याला म्हणलं बघ बाबा. दोन महिन्यांनी हा मैदानावर पास देईना. मित्रांशी भांडण, घरी बहिणीला "तू लूजर" वगैरे. मग मी शेजारी बसून बघितलं. जपान २०१८ चा वर्ल्ड कप हरलं म्हणून ३०० तरुण स्ट्रायकर एका जागी कोंडतात, त्यातला एकच शेवटी उरणार, बाकीच्यांना देशाच्या टीमचं दार कायमचं बंद, आणि कोच त्यांना शिकवतो की स्वार्थी व्हा, अहंकार हीच ताकद. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल नेमकं याच्या उलट सांगतो, लीन व्हा, दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. सैतान शोधण्याच्या नादात हे माझ्या नजरेतून सुटलं याचं मला खरंच वाईट वाटतं. बंद नाही केलं. शनिवारी रात्री एक भाग, मी बरोबर, आणि भाग संपला की विचारायचं, या कोचच्या हाताखाली तू खेळशील का? पहिल्यांदा हो म्हणाला. नंतर एकदा बराच वेळ गप्प बसला. त्याला मी हायक्यू पण लावून दिलं, व्हॉलीबॉलचं आहे, त्यात सगळं एकमेकांवर भरवसा टाकण्यावर चालतं, आता तो दोन्हींची तुलना आपण होऊन करतो.

एक भाग बघून ठरवणं

मादोका माजिका, १२ भागांची, दिसायला गुलाबी आणि गोड, तिसऱ्या भागात असं काही होतं की लहान मूल हादरेल. मेड इन अबिसचंही तसंच. किमान चार भाग बघा, मधला एखादा बघा.

रेटिंगवर पण सगळा भार टाकू नका. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी आहे, १३+ पासून पुढं पॅरेंटल लॉक द्यावाच लागतो, तो आजच लावा, पिन मुलांना माहीत नसलेला ठेवा. पण रेटिंगमध्ये रक्त, शिव्या, नागडेपणा कळतो, अहंकार मोजला जात नाही.

एका झटक्यात सगळं बंद करणं

केलं होतं. अ‍ॅप उडवलं. पोरगा मित्राच्या फोनवर फुकटच्या साइटवर बघायला लागला आणि तिथल्या जाहिराती अ‍ॅनिमेपेक्षा शंभरपट घाण. तुमच्याकडं असं झालं असेल तर आधी ओरडू नका, काय काय बघितलं ते शांतपणे विचारा. रात्री घाबरून उठत असेल तर ती मालिका थांबवा, काही दिवस झोपताना एकत्र प्रार्थना करा, त्या सीनबद्दल त्याला बोलू द्या. डेथ नोटमध्ये वहीत ज्याचं नाव लिहिलं तो मरतो, ते बघून पोरगा वहीत मित्रांची नावं लिहिताना सापडला तर वही फाडून विषय संपत नाही, कुणावर राग आहे ते विचारा, बहुतेक वेळा शाळेतलं काहीतरी निघतं.

धाकटीबरोबर तोतोरो हा अ‍ॅनिमे पिक्चर बघितला. त्यात बाबा आणि मुली मोठ्या झाडापुढं वाकून आभार मानतात, तर ही लगेच "मम्मी, झाडाला नमस्कार का?" मी म्हणलं, गणपतीत शेजारच्या काकूंकडं आपण जातो ना, त्यांची आरती चालू असते, आपण मान देऊन उभं राहतो, प्रार्थना मात्र आपण प्रभू येशूकडं करतो, तसंच हे त्यांच्याकडचं. तिनं विचार केला आणि म्हणाली, मग झाड कुणी बनवलं हे त्यांना माहीत नाही का? त्या रात्री आम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय काढला आणि पिक्चर उरलेला दुसऱ्या दिवशी बघितला.