गावात किशोरी गट कसा सुरू करावा

‘धीट हो’ असं सांगून कुठलीच मुलगी धीट होत नाही. आपण बोललो आणि काहीतरी बदललं, हे तिनं एकदा अनुभवलं की होते. म्हणून हारतुरे, पाहुणे, भाषणं यांत वेळ घालवू नका.

आधी आयांना भेटा. सोबत अंगणवाडी ताई किंवा आशाताई असाव्यात. घरोघरी त्यांचा शब्द चालतो. पोरगी कुठं बसणार, कोण असणार, किती वाजता परतणार, एवढं आईला नीट कळलं पाहिजे.

साधारण ११ ते १६ वयाच्या पंधरा-वीस मुली पुरेत. आठवड्यातून एकदा, तासभर. वेळ मुलींनाच ठरवू द्या, कारण पाणी कधी येतं, भाकऱ्या कधी थापायच्या हे त्यांनाच ठाऊक असतं. धाकटं भावंड कडेवर घेऊन आली तरी परत पाठवू नका.

पहिल्या दिवशी बऱ्याच जणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत नाव पुटपुटतात. ‘मोठ्यानं बोल’ म्हटलं की आणखी आक्रसतात. त्यापेक्षा दोघींना समोरासमोरच्या भिंतींपाशी उभं करा आणि एकमेकींना निरोप सांगायला लावा. आवाज आपोआप चढतो. घरी कुणाला हिणवून हाक मारत असतील, तर इथं काय म्हणायचं ते तिलाच विचारा. नावाचा घाव खोल असतो. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली, ती उगाच नाही.

मधल्या आठवड्यांत कबड्डी खेळवा, पाळीबद्दल आशाताईंना बोलू द्या.

गटातलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे ठरवून घ्या. पण मारहाण, छळ किंवा लग्न ठरवल्याची गोष्ट कळली तर आपण गप्प बसणार नाही, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवू, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. नंतर सांगितलंत तर विश्वासघात वाटेल.

दोनेक महिन्यांनी खरं काम हाती घ्या. कार्डशीटवर गावाचा नकाशा काढायला लावा आणि जिथं भीती वाटते तिथं लाल टिकली चिकटवायला सांगा. एसटी थांब्याजवळच्या अंधारात टिकल्यांची गर्दी झाली, तर विषय ठरला: खांबावरचा दिवा. अर्ज मुलींनीच लिहावा, सगळ्यांनी सह्या कराव्यात, दोघी-तिघींनी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. अक्षर वाकडंतिकडं असलं तरी तुम्ही पुन्हा लिहून देऊ नका!

अठरा वर्षांखालच्या मुलींना ग्रामसभेत मत नसतं. मात्र महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथं आयांनी हा विषय मांडावा आणि अर्ज मुलींनी वाचावा, अशी परवानगी सरपंचांकडून आधीच घ्या. ‘बघू’ एवढंच उत्तर मिळालं, तर पुढच्या आठवड्यात मुलींनाच पुन्हा पाठवा, लेखी उत्तर मागायला. तुम्ही सोबत जा, पण बोलू त्यांना द्या.