दगडाला सीलर लावताना आणि काढताना या चुका टाळा

जांभा, कोटा, शहाबादी, संगमरवर किंवा ग्रॅनाइट, दगड कोणताही असला तरी त्याला सीलर (पाणी आणि डाग दगडात मुरू नयेत म्हणून लावायचे द्रव्य) लावण्याचे काम घराच्या बांधकामात अगदी शेवटी येते आणि तोवर घरमालकाचा पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते, रंगारी निघून गेलेला असतो आणि ‘एक हात मारून टाका’ एवढ्याच सूचनेवर डबा उघडला जातो. माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ या घाईत असते; सीलरच निकृष्ट निघाल्याची उदाहरणे त्या मानाने फार थोडी.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सिलेन-सिलॉक्सेनसारखे सीलर दगडाच्या छिद्रांत मुरतात, पृष्ठभागावर थर सोडत नाहीत आणि दगडातील बाष्पाला बाहेर पडू देतात. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेन मात्र दगडावर पापुद्रा धरतात, चकाकी देतात आणि आतल्या ओलाव्याची वाट अडवतात. दुकानात दोन्ही ‘स्टोन सीलर’ याच नावाने मिळतात, म्हणून डब्यावरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय खरेदी करू नये.

ओल्या दगडावर सीलर लावणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. चिपळूणजवळच्या एका जांभ्याच्या चिऱ्यांच्या घराचे उदाहरण देतो. मालक मुंबईत राहणारे, गणपतीला सगळे कुटुंब गावी जमणार, म्हणून ऐन पावसाळ्यात दोन दिवसांची उघडीप मिळताच दर्शनी भिंतीला चकचकीत अ‍ॅक्रिलिकचे दोन हात देण्यात आले. गणपतीत भिंत नुकत्याच भिजलेल्या जांभ्यासारखी गडद तांबडी दिसत होती आणि येणारा प्रत्येक जण कौतुक करत होता. दिवाळीपर्यंत जोत्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत पांढुरके डाग उमटले, पापुद्र्याला फोड आले आणि नखाने फोड उचकटला की मागून लोण्याची, म्हणजे भिंतीतून फुटणाऱ्या क्षारांची, पांढरी भुकटी आणि तिच्याबरोबर दगडाचे तांबडे कणही खाली पडू लागले.

यात नवल काही नव्हते. जांभा सच्छिद्र असतो; पावसाचे पाणी आणि जोत्यातून वर चढणारी ओल तो शोषून घेतो आणि पाऊस सरल्यावर ते पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जाते. तोंडच बंद केले, तर पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्याच्या मागे स्फटिकरूपाने साचतात आणि वाढणारे स्फटिक दगडाचा वरचा थर फोडतात. कारागिराने यावर सुचवलेला उपाय आणखी एक हात देण्याचा होता. तो होऊ दिला असता, तर पुढच्या वर्षी चिरेच बदलावे लागले असते.

आम्ही जेलसारखा स्ट्रिपर (जुना थर सोडवणारे रसायन) लावून थर मऊ होऊ दिला आणि प्लास्टिकच्या पट्टीने तो खरवडून काढला. तारेचा ब्रश मी जांभ्याला लावू देत नाही, कारण तो दगडाचे कण उपटतो आणि मागे राहिलेले तारेचे तुकडे गंजतात. लोणा कोरड्या मऊ ब्रशने झाडून घेतला. तो धुऊन काढला की क्षार पाण्यात विरघळून पुन्हा दगडात शिरतात. जोत्याला टेकलेली माती हटवली आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेले, कारण जमिनीतून चढणारी ओल कोणत्याही सीलरने थांबत नाही. त्यानंतर भिंत मेपर्यंत उघडी ठेवली आणि मगच मुरणारा सीलर खालून वर असा लावला. चकाकी गेल्याचे मालकांना वाईट वाटले. मला मात्र जांभ्याची भिंत कोरडी दिसावी हेच योग्य वाटते.

फरशी कोरडी आहे की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवावे. खाली दव साचले किंवा दगड गडद झाला, तर डबा उघडू नये. कारागिराला हा एक दिवस जड जातो. तो मागून घ्यावा.

दुसरी चूक काढण्याच्या वेळची, आणि तिचा मला मनापासून राग येतो. फरशीवरचा जुना सीलर पिवळा पडला की संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओतले जाते. कोटा, शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आहेत. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडताच ते फसफसतात आणि तो फेस म्हणजे मळ निघत असल्याची खूण समजून लोक आणखी ओततात. पुण्यातल्या एका सदनिकेत हे घडल्यावर मी कोट्याची फरशी पाहिली. भिंतीकडेला पिवळा थर जसाच्या तसा होता, कारण अ‍ॅक्रिलिकला त्या अ‍ॅसिडाने फारसे काही होत नाही. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात मात्र थर आधीच झिजलेला असल्यामुळे उघडा दगड अ‍ॅसिडाने खाल्ला होता आणि त्यावर बोट फिरवले की बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागत होता. न्हाणीघरातल्या स्टीलच्या नळांवरही वाफांमुळे तपकिरी ठिपके पडले होते. अशा फरशीला पुन्हा मशीनने घासून पॉलिश करण्यावाचून मार्ग उरत नाही. अ‍ॅसिडाच्या जोडीला ब्लीच ओतणारेही असतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

काढण्यापूर्वी वर काय लावले आहे ते ओळखावे. कपाटामागच्या कोपऱ्यात नखाने खरवडल्यावर तेलकट पापुद्रा निघाला तर ते मेण आहे आणि ते टर्पेंटाइनने निघते. अ‍ॅसिटोनचा बोळा मिनिटभर ठेवल्यावर थर चिकट झाला, तर बहुधा अ‍ॅक्रिलिक असते आणि त्यासाठीचा स्ट्रिपर पुरतो. दोन भाग मिसळून केलेल्या पॉलियुरेथेनवर बोळ्याचा परिणाम सहसा होत नाही आणि ते घासूनच काढावे लागते. मुरलेला सीलर मात्र पुसून निघत नाही, त्यामुळे त्यासाठी रसायनांवर पैसे घालवू नयेत. मेथिलीन क्लोराइड असलेला स्ट्रिपर घरात वापरूच नये असे माझे मत आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, म्हणजे बसून काम करणाऱ्याच्या नाकाशीच साचते.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर सीलर लावून तसाच वाळू देणे हीदेखील नेहमीची चूक. काळा दाट ग्रॅनाइट सीलर जवळजवळ पीत नाही आणि न पुसलेला भाग वर धुरकट, चिकट राहतो. तसे झाले तर त्याच सीलरचा ओला हात द्यावा, जुना थर सुटला की लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्यावा. मुळात चमचाभर पाणी पंधरा मिनिटे ठेवून पाहावे. दगड गडद झाला नाही, तर त्याला सीलरची गरजच नसते.

संगमरवराला सीलर लावला म्हणून लिंबू, चिंच किंवा कोकमाचे डाग पडणार नाहीत असे मानू नये. सीलर शोषण थांबवतो, आम्लाची क्रिया थांबवत नाही. ओटा काळा दिसावा म्हणून त्याला खोबरेल किंवा रॉकेल चोळू नये, कारण तेलकट दगडात सीलर शिरत नाही. सांधे नुकतेच भरले असतील, तर ते पूर्ण पक्के होऊन वाळेपर्यंत थांबावे.

माझी एक सवय सर्वांनी उचलावी असे वाटते. काम संपले की सीलरचे नाव, प्रकार आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून मी ती सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. काही वर्षांनी तो थर काढायला येणाऱ्या माणसाला अंदाजाने अ‍ॅसिड ओतायचे कारण राहत नाही.