एनसीलेक्सची धडधड कशी कमी झाली

वॉर्डात पेशंट कोसळला तरी माझे हात थरथरत नाहीत. पण एनसीलेक्सची, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करायला लागणाऱ्या लायसन्सच्या परीक्षेची तारीख मिळाली आणि मॉक टेस्टला बसलं की तळहात ओले, छातीत धडधड.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो परीक्षा चालते कशी हे समजून घेण्याचा. उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड देतो. त्यामुळे चांगली तयारी असणाऱ्यालाही पेपर अवघडच वाटतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. त्यातले १५ प्रश्न निकालात धरतच नाहीत. पेपर लांबला म्हणजे नापास, ही नुसती हॉस्टेलवरची चर्चा!

मागच्या प्रश्नावर परत जाताही येत नाही. मला तर हे बरंच वाटलं. झालं ते झालं.

नाइट करून आल्यावर पुस्तक उघडणं बंद केलं. संध्याकाळचा चहाही सोडला (घरी आईला हे अजून पटलेलं नाही). सकाळी रंकाळ्यावर चक्कर मारून कट्ट्यावर बसायचं, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मनगटावर बोटं ठेवून बघा, श्वास सोडताना ठोके मंदावलेले कळतात. परीक्षेतही माऊसवरचा हात काढून हेच केलं.

रोजच झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.