टेकडीवर झाडं लावायचीत? आधी गावात जाऊन बसा

दर जुलैत पुण्यातले ग्रुप रविवार गाठून मुळशी, मावळ, भोरकडे रोपं लावायला जातात, फोटो निघतात, आणि पुढच्या मे महिन्यात तिथे बघितलं तर काही गुरांनी खाल्लेली, काही वणव्यात गेलेली. रोपं चुकीची नसतात हो, गावाला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून हे लिहितोय, पावसाळ्याच्या निदान सहा-आठ महिने आधी कामाला लागा.

पहिलं, जमीन कुणाची ते बघा, सातबारा ऑनलाइन दिसतो. वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय एक खड्डासुद्धा घेऊ नका, आणि गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती (गाव आणि वनखातं मिळून जंगल राखायला केलेली) आहे का ते वनरक्षकाला विचारा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीकडे जा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ते जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचाच आहे, तिथे तुम्ही फक्त मदतनीस.

मग बैठक. सकाळी अकराला ठेवू नका, माणसं शेतात असतात, संध्याकाळी दूध घालून झाल्यावर देवळात बसा. सरपंच भेटले म्हणजे गाव भेटलं असं नाही, गुराखी, धनगर, सरपणाला जाणाऱ्या बाया यांना मुद्दाम बोलवा कारण टेकडी बंद झाली की भुर्दंड त्यांनाच बसतो. तुमची रोपं कुठे लावायची हे सांगण्याआधी गुरं कुठे जातात, सरपण कुठून येतं, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका.

चराईबंदी सगळ्या टेकडीवर एकदम लादलीत तर ती टिकणार नाही. एक भाग तीन-चार वर्षं बंद ठेवा, बाकी चराईला मोकळा, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायला परवानगी द्या. दिवाळीच्या सुमाराला बाया विळे घेऊन येतात, भारे बांधून नेतात, चारा घरी पोचतो आणि रोपांभोवती वाळलं गवतही उरत नाही. कुणी कुठलं गवत कापायचं ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, तोंडी ठरलेलं पुढच्या वर्षी भांडणात निघतं.

वणव्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण वर्षभराची मेहनत एका दुपारी जाते. मावळ-वेल्ह्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, ती आग वाऱ्याने डोंगरात शिरते, शिवाय गवत जाळलं की पुढचं चांगलं येतं असंही बरेच जण मानतात. राब भाजू नका असं सांगून काही होत नाही. त्यापेक्षा कोणता शेतकरी कधी भाजणार ते आधी कळू दे, सकाळी वारा पडलेला असताना भाजा, चार जण पाणी नि ओल्या फांद्या घेऊन उभे राहा. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, फेब्रुवारीच्या आत काढायची, निदान दहा फूट रुंद, गवत कापून पालापाचोळा पार झाडून मातीपर्यंत, आणि नंतर पानगळ होते तसा तो पुन्हा पुन्हा झाडायचा, हे सगळे विसरतात. वणवा दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन 1926.

झाडं कोणती ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मुळशीच्या पावसात जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन येतात, पुरंदरच्या कोरड्या टेकडीवर खैर, बोर, धावडा, सालई बघा. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) भरपूर लावलं गेलंय कारण ते पटकन वाढतं आणि गुरं फारशी तोंड लावत नाहीत, पण त्याच्या दाटीत आपली देशी झाडं वर येत नाहीत, तेव्हा ते नकोच. आणि बारामती तालुक्यातल्या सुप्याकडचे गवताळ माळ उघडे दिसले तरी तिथे झाडं लावू नका, चिंकारा हरीण तिथेच जगतं, आणि मेंढपाळांचा चारापण तोच आहे. गावात देवराई असेल तर बी तिथलंच, पण गावाला विचारून, खूप ठिकाणी वाळकी काडीसुद्धा बाहेर नेत नाहीत. रोपवाटिका बचत गटाला द्या आणि रोपं त्यांच्याकडून विकत घ्या.

पैसा रोपांवर कमी, राखणीवर जास्त ठेवा. गावातलाच एक माणूस पगारावर, निदान तीन वर्षं, आळी करायला, उन्हाळ्यात पाणी घालायला, मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या पावसात नवीन लावायला. हा पगार पहिला खड्डा घ्यायच्या आधी बाजूला काढून ठेवा, आणि जमत नसेल तर रोपांचा आकडा कमी करा.