फायटरचं काम करताय आणि ॲक्टिंगमध्ये यायचंय? मग आधी हे करा

पुण्यात मल्लखांब, पार्कूर, मार्शल आर्ट्स करणारी बरीच पोरं फायटर म्हणून, म्हणजे मारामारी आणि स्टंट करायला, शूटिंगला जातात आणि दोन-चार वर्षांनी वाटायला लागतं की आपला पण चेहरा दिसावा, एखादा डायलॉग मिळावा. होतं ते. रोहित शेट्टीचे वडील एम. बी. शेट्टी फाइट मास्टर होते आणि व्हिलन म्हणून पण गाजले, जॅकी चॅन ब्रूस लीच्या पिक्चरमध्ये स्टंटमन होता. पण अंगात मुरलेली एक सवय आधी मोडायला लागते.

डुप्लिकेट म्हणून, म्हणजे हिरोच्या जागी स्टंट करताना, आपण कायम तोंड लपवतो. कॅमेरा कुठंय बघायचं, मान वळवायची, पाठ तिकडे करून पडायचं. मी सात वर्षं हेच केलं आणि मग एका सिरियलच्या ऑडिशनला गेलो, सीन एवढाच की फोन येतो, वडील गेल्याचं कळतं आणि मी खुर्चीत बसतो. बसलो, पण तोंड भिंतीकडे. समोरचे म्हणाले, अरे तुझे डोळेच दिसत नाहीयेत. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तर मोबाईल उभा करा, खाली जाड गादी टाका आणि कुणीतरी ढकलल्यासारखं पडा. आधी नेहमीसारखं. मग परत, पण धक्का बसलाय हे आधी डोळ्यात येऊ द्या आणि मग अंग सोडा. आता दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून बघा. आपल्याला पंच कुठून येणार ते पाठ असतं, त्यामुळे खांदा आधीच आवळतो, पाय आधीच सुटतो, लांबच्या शॉटमध्ये ते चालून जातं पण क्लोजअपमध्ये लगेच पकडलं जातं, कारण कॅरेक्टरला काहीच माहीत नसतं ना. मला हे जमायला चार महिने लागले, रोज अर्धा तास.

दुसरं म्हणजे आवाज. आपल्याला बोलायची सवयच नसते. पर्वती चढा आणि वर पोचल्या पोचल्या, दम खात न बसता, पाठ केलेलं पानभर बोला, शब्द गिळायचे नाहीत. आणि एखाद्या प्रायोगिक नाटकाच्या ग्रुपमध्ये घुसा, सुदर्शन रंगमंच, भरत नाट्य मंदिर असल्या थिएटरला प्रयोग बघायला जात राहिलं की ओळखी होतात. सुरुवातीला सेट लावायचंच काम देतील, ते करा. एफटीआयआयचे, म्हणजे पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, स्क्रीन ॲक्टिंगचे छोटे कोर्स निघतात, त्यावर पण लक्ष ठेवा.

सेल्फ टेपमध्ये, म्हणजे ऑडिशनसाठी स्वतःच शूट करून पाठवायच्या व्हिडिओत, पहिल्याच सेकंदाला फ्लिप मारू नका प्लीज. आधी शांत बसून एक सीन, किक शेवटी. आपली खरी ताकद मात्र विसरू नका. झोई बेल ही ‘किल बिल’मध्ये उमा थर्मनची डबल होती, मग 2007 मध्ये त्याच डायरेक्टरने, टॅरंटिनोने, तिला स्वतःच्याच नावाने रोल दिला आणि पळत्या गाडीच्या बॉनेटवर कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेता आला, कारण लपवायला काही नव्हतंच.

फायटरचं काम लगेच सोडू नका, घर त्यावर चालतं. फाइट मास्टरला मात्र स्पष्ट सांगून ठेवा, मास्टर, छोटा रोल असेल तर मला सांगा. मला पहिला रोल तसाच मिळाला.

आणि रोल मिळाला की कदाचित तुमच्यासाठीच डुप्लिकेट आणतील. मीच करतो म्हणून भांडू नका, तुमचा घोटा गेला तर अख्खं युनिट थांबेल. त्या पोराची गादी कुठं टाकलीय ते फक्त टेकच्या आधी एकदा जाऊन बघा, तुम्हाला ते कळतं.